चार बोटं उघडी रेघ

त्या दिवशी रोहिदासने रेघ बंद केली आणि पाचच्या एसटीने साखरशेतला घरी आला.

त्याची बायको गौरा ओट्यावर नागली पाखडत बसली होती. चप्पल बी न काढता त्याने उभ्यानेच सांगितलं, "झाली गं परीक्षा. भिंत भरली. सर म्हणले, पास."

गौराचं सूप थांबलं. "म्हणजे रेघ जोडली तुम्ही."

"कॉम्प्युटरात गं. जमिनीवर नाय."

"घर कुणाचं काढलं?"

तो चूळ भरायला लागला. पाणी थुंकून म्हणला, "आपलंच. दुसरं कुठलं तोंडपाठ हाय मला?"

रोहिदास गवंडी होता, त्याचा बाप विठ्ठल बी गवंडीच. आसपासच्या गावात नवं घर बांधायचं झालं की आखणीला ह्यांनाच बोलवत. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, दोरीवरून चुन्याची फक्की मारायची. पण विठ्ठलची एक रीत होती. चारी बाजू आखून झाल्या की उगवतीकडे चार बोटं जागा कोरी सोडायची. तिथं फक्की पाडायची नाय. घरात पहिली चूल पेटली की घर आपलं आपण मिटतं, तोवर मिटवायचं नाय. पूर्ण बंद रेघ फक्त मसणात, सरणाची जागा आखताना. "घराची रेघ बंद केली तर आखणारा आत राहतो," असं म्हातारा सांगायचा. रोहिदास हसायचा, पण चार बोटं सोडायचा. वीस वर्षांत एकदा बी चुकला नाय.

मग दोन हजार तीन साली शाळेच्या खोल्या बांधणारा ठेकेदार त्याला म्हणला, "रोहिदास, आता नकाशे कॉम्प्युटरवर येतात. तुला ते उघडता-काढता आलं तर मुकादम करतो. नाय तर घमेली उचल." अडतीस वर्षांचा माणूस, सातवी शिकलेला. जव्हारला एसटी स्टँडजवळ कपड्याच्या दुकानावर कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा क्लास होता, तिथं जाऊन बसला. शिकवणारे ऋषिकेश सर चोवीस वर्षांचे. बाकीची कॉलेजची पोरं.

रोज घरी येऊन तो गौराला सगळं सांगायचा. पहिल्या दिवशी खिशातली दोरी काढून त्याने पडद्यावर ताणून बघितली, रेघ सरळ हाय का. पोरं हसली. सर म्हणले, "भाऊ, एफ-आठ दाबलं की वाकडी जातच नाही." हा म्हणला, "मग काटकोन बघायचा गुण्या गेला चुलीत." दहा फुटांची भिंत काढली तर मुंगीएवढी दिसली, कारण तिथं माप मिलिमीटरचं. झूम शिकला, पुसायला शिकला. लाईट गेली की काढलेलं सगळं जायचं, म्हणून दर दोन रेघांना सेव्ह करायला शिकला.

सगळं जमलं, भिंत भरायचं जमेना. भिंतीच्या रेघांच्या आत बारीक तिरप्या रेघा भरायच्या, त्याला हॅच म्हणतात. ह्याने क्लिक केलं की मशीन इंग्रजीत काहीतरी लिहायचं. सरांनी वाचून सांगितलं, "हद्द सापडत नाही, म्हणतंय. तुमची रेघ कुठंतरी उघडी आहे." झूम केलं. उगवतीच्या बाजूला फट.

"भाऊ, सी दाबा, एंटर दाबा. आपोआप जुळते."

"राहू द्या ना सर तेवढं. दिसतंय कुठं?"

"तुम्हाला दिसत नाही. मशीनला दिसतं."

हे ऐकून गौरा म्हणली, "तुमच्या बाबांसारखंच हाय की मशीन. चार बोटं नेमकी बघतं." त्यावर तो हसला नाय. तीन आठवडे त्याचा हात तिथंच थांबायचा. पहिल्या परीक्षेत नापास झाला. ठेकेदाराने दिवाळीपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं. गौरा रोज विचारायची, "जोडली?" तो म्हणायचा, "नाय." तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाज बी वाटायची.

त्या दिवशी चहा पिऊन तो टेप घेऊन मागच्या परड्यात गेला. तिथं त्यांच्या नव्या घराची आखणी केलेली होती, चार बोटं सोडून. कॉम्प्युटरातलं माप जमिनीशी जुळतं का बघतो म्हणला. उजेड होता अजून.

थोड्या वेळाने त्याने हाक मारली. "गौरे, दार कुठंय गं?"

तिला वाटलं मस्करी करतोय. "चुना हाय तो. ओलांडून या."

तो ओलांडेना. एक हात पुढं धरून रेघेच्या आतून चालत होता, अंधारात भिंत चाचपावी तसा. एक फेरा मारला, दुसरा मारला. उगवतीच्या कोऱ्या जागेवरून बी हात तसाच फिरवत पुढं गेला. मग मधोमध बसला. गौरा सूप टाकून धावली. ती पोचली तेव्हा डोळे उघडे होते, श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणले, हार्ट. गौराने वाकून बघितलं होतं. जमिनीवरची चार बोटं उघडीच होती.

दहावा-तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या माघ्याला घेऊन जव्हारला गेली, जिना चढून सरांसमोर उभी राहिली.

"सर, आमच्या ह्यांनी बंद केलेली रेघ उघडून द्या."

सरांनी खुर्ची दिली, फाईल उघडली. पडद्यावर घर आलं. भिंती तिरप्या रेघांनी भरलेल्या, नीट.

"कुठली बाजू?"

"उगवती."

सरांनी झूम केलं. अजून केलं. मग थांबले.

"ही उघडीच आहे," ते म्हणले. "असं होत नाही, ताई. उघडी असली तर भिंत भरतच नाही. मी स्वतः तपासली होती."

त्यांनी भरलेलं पुसलं, परत भरायला गेले. मशीनने तेच लिहिलं, हद्द सापडत नाही. सरांनी अन्डू दाबून केलेलं मागं घेतलं तसं भरलेलं परत आलं. फट तशीच. सरांचा हात माऊसवरून बाजूला झाला.

"मोजा," गौरा म्हणली.

"पंचाहत्तर मिलिमीटर."

"म्हणजे किती?"

"तीन इंच."

गौराने टेबलावर चार बोटं जुळवून ठेवली. सरांनी पट्टी लावली, बरोबर तीन इंच. मग पट्टी हळूच उचलून घेतली.

फाईल बंद करताना मशीनने काहीतरी विचारलं. "बदल ठेवायचे का म्हणतंय," सर म्हणले.

"नको. त्यांनी ठेवलंय तसंच राहू द्या."

माघ्या आधी उतरला, मागून गौरा. जिन्यावरून वारा येत होता म्हणून सर दार लावायला उठले, आणि दार मिटायला चार बोटं राहिली तिथं थांबले.