दोन बांध्या, दोन पाकिटं

मी कृषी सहायकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसलो आणि त्याच सुमारास माझ्या पायांनी नवी नोकरी धरली. कामाची वेळ संध्याकाळी सात ते पहाटे चार. रविवार नाही, रजा नाही, बदलीचा अर्ज करावा तर साहेबच नाही.

तीस-पस्तीस वर्षं मी भंडारा जिल्ह्यातल्या बांधांवरून फिरलो. बपेऱ्याला मध्य प्रदेशाच्या हद्दीपर्यंत गेलो, इकडे सानगडीच्या चिखलात गुडघाभर उतरलो, पण पायांनी कधी तक्रार केली नाही. आता खुर्चीत नुसतं टेकलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सुरू होतं. त्याला दुखणं म्हणता येत नाही, खाजही म्हणता येत नाही. धानाच्या लोंबीची कुसं सदऱ्यात शिरली की माणूस कसा कासावीस होतो, तसं होतं. फक्त हा सदरा कातडीच्या आत असतो, त्यामुळे काढून झटकता येत नाही. उठून चार पावलं चाललो की थांबतं आणि बसलो की पुन्हा सुरू होतं.

विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही दहा मिनिटं शांत बसतो. सगळे डोळे मिटून आपापल्या श्वासाकडे बघतात, आणि माझ्या शेजारचा एक डोळा उघडून माझ्या गुडघ्याकडे बघतो. एकदा पुढे बसलेल्या एका आजीबाईंच्या पाठीला माझा पाय लागला. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. डोळे मिटूनच म्हणाल्या, "उभे राहा जी साहेब. तुमचे पाय बसाले तयार नाईत, तुमीच कायले जबरदस्ती करून राहिले?" तेव्हापासून मी भिंतीला टेकून उभा राहतो.

पण खरी पंचाईत घरात झाली. झोपेत माझे पाय लाथा झाडायचे. मला त्याचा पत्ताही नसायचा, पत्ता असायचा तो बायकोला. तिने वर्ष-दोन वर्षं सोसलं, आणि एका सकाळी आपली गादी गुंडाळून समोरच्या खोलीतल्या खाटेवर नेऊन टाकली. भांडण नाही, रुसवा नाही.

"तुमचा राग नाई जी," ती म्हणाली. "पर मी काई फुटबॉल नाई."

मी हसलो खरा, पण मला ते फार लागलं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली. दिवा मालवल्यावर कोण वारलं, कोणाच्या पोरीचं जमलं, भाजीत मीठ का पडलं नाही, हे सगळं बोलायची आमची ती एकच जागा होती. ती खोली रिकामी झाली. पाय बरे व्हावेत असं मला वाटत होतंच. पण त्याहून जास्त मला बायको खोलीत परत हवी होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ज्या गोळ्या दिल्या त्यांनी दोन वर्षं छान काम केलं, फक्त झोपेतल्या लाथा तेवढ्या थांबल्या नाहीत. मग त्या उलटल्या. जो त्रास सातला यायचा तो चारलाच यायला लागला, पाहुण्याने जेवणाच्या आधी चहालाही हजर व्हावं तसा. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं होतं असं. त्यांनी त्या गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि दुसरं औषध अगदी लहान मात्रेत सुरू केलं. हे औषध अफूच्या कुळातलं. एक म्हणजे एकच गोळी, ती घेतल्यावर स्कूटरला हात लावायचा नाही, मनाने मात्रा वाढवायची नाही, असं त्यांनी मला तीनदा बजावलं. मग बायकोकडे वळून चौथ्यांदा सांगितलं, आणि त्यांचा भरवसा कोणावर आहे ते माझ्याही लक्षात आलं.

मी भाबडेपणाने ही गोष्ट एका मित्राला सांगितली. तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर एकाने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "साहेब, अफू खाऊन राहिले म्हनते तुमी? कोठी भेटते जी?" आयुष्यभर मी लोकांना विड्या सोडायला सांगत आलो, आणि आता त्याच लोकांच्या नजरेत माझ्याबद्दल नवा आदर दिसायला लागला.

पहिलं पाकीट नागपूरहून आणलं होतं. ते पिवळं. संपलं तेव्हा साकोलीच्या दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचून, वहीत लिहून, हिरवं पाकीट हातात ठेवलं.

"हे नाही," मी म्हटलं. "मला पिवळं पाहिजे."

"काकाजी, औषध तेच हाये, मात्रा तेवढीच. कंपनी दुसरी, एवढंच."

मला हसू आलं. हेच वाक्य मी तीस वर्षं युरियाच्या पोत्यांबद्दल सांगत आलो होतो आणि एकाही शेतकऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही. पहिल्याच रात्रीनंतर मी जाहीर केलं की हिरव्यात दम नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको पुटपुटली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढच्या वेळी नागपूरला गेलो तेव्हा एक पिवळं पाकीट घेऊन आलो आणि ठरवलं की आता रीतसर तुलना करायची. डॉक्टरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, औषध आणि मात्रा सारखीच असल्यामुळे माझी हरकत नाही, पण रोज एकच गोळी. आवाजावरून ते हसत असावेत.

तुलना कशी करायची हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझी सगळी नोकरी त्यातच गेली. शेजारशेजारच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे दोन तुकडे, घ्यायच्या, एकीत जुनं बियाणं, दुसरीत नवं, रोवणी एकाच दिवशी, खत सारखं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोणत्या बांधीत काय आहे हे शेतकऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो आपल्या लाडक्या बांधीत गुपचूप शेणखताची एक पाटी जास्त टाकतो.

माझं पहिलं प्रात्यक्षिक सानगडीला झालं होतं. तिथल्या एका शेतकऱ्याच्या दोन बांध्या मी निवडल्या. तो माणूस भारी बेरकी. मी काही सांगितलं की "हो जी साहेब" म्हणायचा आणि आभाळाकडे बघायचा. रोवणीला मला दुसऱ्या गावी जावं लागलं, म्हणून खुणेच्या काड्या रोवून त्याच्यावरच काम सोपवलं. पण दिवाळीच्या सुमाराला माझ्या बियाण्याची बांधी अशी उंच आणि भरघोस उभी राहिली की बघत राहावं. मी अहवाल लिहिला, बैठकीत साहेबांनी पाठ थोपटली. पुढे त्या शेतकऱ्याच्या मुलीशीच माझं लग्न झालं. ही गोष्ट मी आमच्या मुलांना सांगितली, व्याह्यांना सांगितली, निरोप समारंभाच्या भाषणातही सांगितली.

तर आता शेत माझे पाय होते आणि शेतकरीही मीच. म्हणून पाकिटं बायकोकडे दिली. तिने आठवडाभर एका पाकिटातली गोळी द्यायची, मग पाकीट बदलायचं, आणि मला काही सांगायचं नाही. मी चष्मा काढून, डोळे मिटून हात पुढे करायचा. सकाळी चहाच्या आधी वहीत रात्रीला दहापैकी गुण द्यायचे.

"आणि निरीक्षणासाठी तुला खोलीत झोपावं लागेल," मी साळसूदपणे म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "एक हप्ता तुमच्या खोलीत, एक हप्ता माह्या खाटेवर. मलेही झोप लागते जी."

एवढ्यावरही मी खूश होतो.

महिना झाला. एका रविवारी सकाळी मी पीक-कापणीचा हिशेब करायला बसावं तसा वही घेऊन ओसरीवर बसलो. पहिला आठवडा सरासरी आठ गुण. दुसरा चार. तिसरा पुन्हा आठ, वर थोडा. चौथा जेमतेम तीन. इतका स्वच्छ निकाल मला नोकरीत एकदाही मिळाला नव्हता. सानगडीचा तेवढा सोडून.

"पहिला आणि तिसरा आठवडा पिवळं," मी जाहीर केलं. "दुसरा आणि चौथा हिरवं. बरोबर?"

बायको आत गेली. पावडरच्या जुन्या डब्यात तिने पाकिटं ठेवली होती, तो डबा आणून माझ्यासमोर उपडा केला. पिवळं पाकीट जसंच्या तसं होतं. एकही गोळी निघाली नव्हती.

"महिनाभर हिरवीच देल्ली," ती म्हणाली.

"अग, मग ही कसली तुलना!"

"तुमीच म्हनले, शेतकऱ्याले सांगाचं नाई."

"पण चारही आठवडे एकच गोळी कशाला?"

"बाबा म्हनत, नवं बियानं टाकाच्या आदी दोनी बांध्यांत एकच धान लावून पाहाव. जमीन सारखी हाये का नाई ते समजते."

हे शहाणपणाचं होतं. इतकं, की मलाच सुचायला हवं होतं. "तुझ्या बाबांनी हे कधी केलं?" मी विचारलं.

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "तुमी आले होते त्याच वर्षी. दोनी बांध्यांत आमचंच जुनं धान होतं जी. तुमचं बियानं बाबानं कोठीत ठेवलं होतं. पुढच्या सालाले लावलं."

निरोप समारंभात ती पहिल्या रांगेत बसली होती. माझ्या भाषणाला टाळ्याही वाजवल्या होत्या तिने.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"धानाचे परे मीच रोवले होते, मले नाई तं कोनाले माहीत राहीन? तुमी एवढे खूश होते. कोन सांगन?"

"मग ती बांधी उंच कशी झाली?"

"बोडीचं पानी त्या बांधीत पयले पोचत होतं."

मी वही मिटली. पस्तीस वर्षांची बढाई एका वाक्यात त्या लहानशा तळ्याच्या पाण्याबरोबर वाहून गेली होती, आणि सांगायला हरकत नाही, मला जरा रागही आला. मग डोकं दुसरीकडे वळलं. गोळी एकच, मात्रा एकच, पाय तेच. मग आठ आणि चार कसे? पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात पाणी कुठून आलं?

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पहिला आणि तिसरा आठवडा ती खोलीत होती. दुसरा आणि चौथा खाटेवर. हे मला रोज दिसत होतं, पण ते मोजायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"तू काय करत होतीस?" मी विचारलं.

तिने कपबश्या गोळा करायला घेतल्या. "काई नाई. तुमचा पाय हालला का पोटरीवर हात ठेवत होती. दाबून धरलं का थांबे. मंग अजून हाले."

"किती वेळा?"

"मोजाले मी काय कृषी सहायक हाव?"

मला लाज वाटली. मी तिला खोलीत आणायला एवढा खटाटोप केला, आणि ज्या रात्रींना मी आठ-आठ गुण दिले त्या सगळ्या तिच्या झोपेतून कापून घेतलेल्या होत्या. वहीत मी रकाने आखले होते: झोप किती वाजता लागली, किती वेळा उठलो, सकाळी कसं वाटलं. सगळे माझे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

त्या संध्याकाळी तिने पाळीप्रमाणे खोलीत आणलेली गादी मीच गुंडाळली आणि समोरच्या खोलीत परत नेऊन घातली.

"आता कायले हाकलून राहिले?" ती म्हणाली.

"झोप तू," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी मी विचारलं, "तुले झोप लागली का वो?" ती चहा ओतता ओतता थांबली. हा प्रश्न तिला नवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. मी पट्टी घेऊन वहीत आणखी एक रकाना आखला आणि त्यात तिचं उत्तर लिहिलं.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते खूप हसले, मग गंभीर होऊन त्यांनी रक्त तपासलं. लोह कमी निघालं, त्याचं औषध दिलं आणि गोळीची वेळ थोडी अलीकडे आणली. पिवळं पाकीट आम्ही पुढच्या महिन्यात वापरलं. हिरव्यात आणि त्याच्यात काही फरक मला कळला नाही, हे मी साकोलीच्या दुकानात जाऊन कबूलही केलं.

पाय आता पुष्कळ ऐकतात, पण पूर्ण नाही. तिच्या रकान्यात मात्र पहिल्या सकाळपासून ओळीने आठ दिवस एकच शब्द येत होता, 'लागली'. नवव्या दिवशी संध्याकाळी समोरच्या खोलीतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बघतो तर ती खाट घेऊन दारात. खोलीत आणून तिने ती माझ्या पलंगाशेजारी लावली, जरा लांब सरकवली, थांबली, आणि आपला हात लांब करून पाहिला.

मी लगेच टेप आणला. रोवणीचं अंतर मोजण्यात माझा हात कोण धरणार? दोन फूट भरलं.

"जास्त होते," ती म्हणाली. "लाथ नाई पोचली पायजे, पर हात पोचला पायजे."

"पण तुझी झोप?"

"एक डाव हात ठेवीन. मंग मी झोपीन, तुमी उठून फिरत राहा."

तिने खाट चार बोटं अलीकडे ओढली. मग दिवा मालवून तिने मला सांगितलं की पलीकडच्या घरी पोरगी पाहायला पाहुणे येऊन गेले, आणि पोराचे पाय म्हणे बसल्या बसल्या सारखे हलत होते.