बोटभर हालचाल

व्हिडिओ कॉलचं ॲप बनवणाऱ्या ऑफिसात त्याला सगळे अंदाजपंत म्हणत. चिडवायचे, पण मानायचेही. व्हिडिओ कॉलवर प्रत्येक चित्र अख्खं पाठवायचं म्हटलं तर इंटरनेट तुंबूनच बसेल. म्हणून चित्राचे बारीक चौकोन पाडायचे, कुठला चौकोन पुढच्या चित्रात कुठे सरकेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकेल तेवढंच पाठवायचं. बाकीचं समोरचा फोन मागच्या चित्रावरून उचलतो. हा अंदाज अचूक करण्याच्या मागे तो एकोणीस वर्षं हात धुऊन लागला होता. बायको म्हणायची, "साऱ्या जगाची हालचाल ओळखतोस, मी रुसलेय ते मात्र सांगावं लागतं."

अंधुक खोल्यांनी तेवढे त्याच्या नाकी नऊ आणले होते. कमी उजेडात चित्रावर दाणे थरथरतात, आणि त्याचा बावळट प्रोग्रॅम त्या दाण्यांनाच हालचाल समजून त्यांच्यामागे धावायचा. अखेर त्याने तोडगा काढला. अंधुक चित्रात ठरावीक मर्यादेहून बारीक काही हललं, तर ते हललंच नाही असं धरायचं आणि मागचाच चौकोन ठेवायचा. चाचणीचे व्हिडिओ नेहमीचेच होते: पळणारे खेळाडू, रहदारी, नाचणाऱ्या मुली. सगळीकडे अचूकता वाढली. साहेबांनी पाठ थोपटली, याची छाती फुगली, आणि महिन्याभरात तो बदल लोकांच्या फोनवर पोहोचला. अंथरुणाला खिळलेलं माणूस त्या व्हिडिओंत नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

त्याच सुमारास, दूर ताईकडे राहणाऱ्या आईला झटका आला. वाचा गेली, अंग लुळं पडलं. तो धावत गेला, आठवडाभर उशाशी बसला. आई नुसती छताकडे बघत राहायची. निघताना तो ताईला म्हणाला, "तिला कळायला लागलं की सांग. त्याच दिवशी निघतो."

बावीस दिवसांनी ताईचा फोन आला. "अरे, आई बोट हलवते! तुझं नाव काढलं की हलवते."

त्याने लगेच आपल्याच कंपनीच्या ॲपवरून कॉल लावला. उजेड आईच्या डोळ्यांना खुपायचा म्हणून ताई पडदे ओढून ठेवायची. तिने फोन आईच्या हातासमोर उशीला टेकवला. तो डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. चादरीवरचा हात जागचा हलला नाही.

"ताई, काही हलत नाहीये."

"आत्ता हललं की! आंधळा आहेस का?"

"तुला भास होतोय गं. दमली आहेस तू. आणि हालचाल बघणं हा माझा धंदा आहे."

रोज संध्याकाळी हेच. शेवटी ताईने हात टेकले. कॉल न लावता, नुसत्या फोनच्या कॅमेऱ्यात टिपलेला एक व्हिडिओ तिने पाठवून दिला. रोज तर समोर बघतोय, म्हणून या शहाण्याने तो उघडलासुद्धा नाही. दोन आठवड्यांत आई गेली.

सगळं उरकून तो कामावर परतला. आईला एकदा बघावं म्हणून टेबलाशी बसून त्याने तो व्हिडिओ उघडला. आईच्या बोटाने चादरीवर दोनदा टकटक केली. थांबलं. पुन्हा दोनदा. लहानपणी तो अभ्यासात मान घालून बसला की आई टेबलावर अशीच टकटक करायची. म्हणजे, ऊठ, इकडे ये.

त्याने तोच व्हिडिओ आपल्या प्रोग्रॅममधून चालवून पाहिला. चादर तीच, हात तोच, बोट गप्प. त्याने चौकोनांच्या नोंदी उघडल्या. बोटाच्या प्रत्येक चौकोनापुढे एकच शेरा होता: हालचाल नाही, मागचंच ठेवा.

त्याने ताईला फोन लावला. "ताई, बोट हलत होतं."

"मग तुला का रे दिसलं नाही?"

हेच त्याने भरल्या सभागृहांत लोकांना तास तास समजावलं होतं. "ते मीच पुसलं," एवढंच तो म्हणाला.

ताईला त्यातलं काही उमगलं नाही.

"पण मी सांगत होते ना तुला," ती म्हणाली, "रोज सांगत होते."