जे मी लाइव्ह बोललेच नाही

सुरुवातीलाच सांगते, भुताखेतांतलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. रेणापूरजवळच्या आमच्या गावात एका चिंचेखालून जायला बायका घाबरायच्या, तेव्हा मी मुद्दाम तिथूनच जायचे. पुढं टीव्हीत कामाला लागले आणि उरलीसुरली भीतीही गेली... पडद्यावरचं कसं बनतं ते आम्हाला ठाऊक असतं ना. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर हसत हसत वाचले. आज स्वतःचा लिहितेय. कुणाला घाबरवायला नाही — राग आलाय म्हणून. त्या दिवसापासून तो उतरतच नाहीये.

लातुरात एका सरकारी वाहिनीच्या छोट्या स्टुडिओत मी निवेदिका होते. केंद्राचं आणि साहेबांचं नाव लिहीत नाही. निवेदिका म्हटलं की ऐकायला भारी वाटतं, पण आम्ही सगळे कॅज्युअल. महिन्यातले थोडे दिवस बुकिंग, बाकीचे दिवस तुम्ही कोण नि आम्ही कोण. लागोपाठ बुकिंग कधी द्यायचं नाही — न जाणो, माणूस उद्या कायम करा म्हणायचा! आमच्याकडं केस पांढरे होईपर्यंत लोक 'तात्पुरते' राहिलेत.

त्यातल्याच एक आमच्या रझिया आपा. नांदेडच्या, इतवाऱ्यातल्या. वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. आपा नांदेडहून यायच्या, लातुरात खोली करून राहायच्या आणि कार्यक्रम बनवायच्या. माणसं शोधणं, संहिता लिहिणं, एडिटिंगला बसणं, सगळं त्याच. 'आपली दावण' हा जनावरांच्या आजारांवरचा लाइव्ह फोन-इन कार्यक्रम त्यांनीच उभा केला. त्याआधी डोक्यावरून ओढणी घेऊन त्या माळेगावच्या जनावरांच्या जत्रेत फिरल्या होत्या. टीव्हीवर तुम्हाला काय पाहिजे, असं एकेकाला विचारत. एक म्हातारा म्हणाला, "आमच्या मुक्या जनावराचं कोण ऐकतंय बाई?" तिथून हा कार्यक्रम निघाला. डॉक्टरांनी इंग्रजी झाडायचं नाही, फोन करणाऱ्याला आधी त्याचं नाव विचारायचं मग म्हशीचं दुखणं, हे नियम आपांचे. मलाही त्यांनीच घडवलं. पहिल्या ऑडिशनला माझ्या तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बेटा, कॅमेऱ्याकडं बघू नकोस, माझ्याकडं बघ. मला सांग."

मग नवे साहेब बदलून आले. महिन्याभरात आपांचं बुकिंग बंद. कारण काय, तर तरुण चेहरे हवेत. अहो, आपा कधी पडद्यावर आल्याच नाहीत! चेहरा कशाला पाहिजे होता? खरं कारण पुढं कळलं. कार्यक्रमाला दिल्लीचं बक्षीस जाहीर झालं होतं आणि कागदावर 'संकल्पना व निर्मिती' म्हणून साहेबांचं नाव गेलं होतं. आयत्या बिळावर नागोबा!

ती बातमी लाइव्ह सांगायची ठरली, गुरुवारी दुपारी, 'आपली दावण'च्या शेवटी. साहेबांनी स्वतः लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. "ही संकल्पना ज्यांच्या मनात रुजली आणि ज्यांच्या परिश्रमांतून हा कार्यक्रम साकारला, ते आमचे माननीय..." वगैरे वगैरे.

"एवढं नीट वाचा मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या वर्षभराच्या कराराचं मी बघतोच आहे."

माझ्या नवऱ्याचं काम सुटलं होतं, घर माझ्यावर होतं, हे साहेबांना नेमकं माहीत होतं. मी व्हरांड्यात जाऊन आपांना फोन लावला. वाटलं, चिडतील, मला शिव्या देतील. तर त्या शांत.

"वाच तू," त्या म्हणाल्या. "पोटावर पाय देऊन घेऊ नकोस."

"आपा, हा कार्यक्रम तुमचाय!"

"कोण ध्यानात ठेवून राहिलंय बेटा? म्हशीला काय फरक पडतो, कुणी केला त्याचा. वाच आणि मोकळी हो. मी घरी टीव्हीवर बघतेच."

त्यांनी परवानगी दिली याचाच मला जास्त राग आला. म्हणजे आता वाचलं तरी मला कुणी काही म्हणणार नव्हतं.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाइव्ह कार्यक्रमात आमचा आवाज आधी वर उपग्रहाला जातो, मग खाली तुमच्या घरी येतो. त्यात काही सेकंद जातात. म्हणून फोन करणाऱ्याच्या घरातला टीव्ही नेहमी आमच्या मागं असतो. आम्ही बोललेलं त्याच्या फोनमधून परत आमच्या कानात येतं, सगळा गोंधळ होतो, म्हणून आम्ही पहिलं सांगतो — टीव्हीचा आवाज बारीक करा. घरचा टीव्ही मागं पडू शकतो. पुढं कधीच जाऊ शकत नाही.

त्या दिवशी शेवटचा फोन शिरूर अनंतपाळहून आला. शेवंताबाई नावाच्या होत्या. रेडकू मेलं होतं आणि म्हैस पान्हा सोडत नव्हती.

"मावशी, आधी टीव्हीचा आवाज बारीक करा."

"करते की माय, रिमोटच घावंना झालाय. थांब जरा... म्हस लई वरडतीय बघ. दिसभर दाराकडं बघून राहिलीय."

माझ्या कानातल्या इअरपीसमध्ये त्यांच्या मागचा टीव्ही ऐकू येत होता. त्यात माझाच आवाज. त्यात नवल नव्हतं. तो आवाज म्हणाला, 'रेडकू कधी गेलं मावशी?' आणि मग मी विचारलं, "रेडकू कधी गेलं मावशी?"

मला आधी काही कळलंच नाही. मी बोलले आणि मग ते ऐकलं, असंच मन धरून चाललं होतं. शेजारी आमचे बिराजदार डॉक्टर बसले होते. कानात ग्लास पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ डॉक्टरांचं 'अरे अरे अरे!' मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते निवांत बसले होते, पाण्याचा ग्लास टेबलावर जागच्या जागी होता. आणि मी बघत असतानाच त्यांनी वही सरकवली, कोपर लागलं, ग्लास पडला.

"अरे अरे अरे!" डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर पाणी पुसता पुसता शेवंताबाईंना सांगत होते की धार काढताना समोर खायला आंबोण ठेवा, रोज एकाच माणसानं बसा. आणि माझ्या कानात तो टीव्ही आणखी पुढं पळत होता. डॉक्टरांचं बोलणं त्यात कधीच संपलं होतं. आमचं शेवटचं संगीत वाजलं आणि मग माझा आवाज आला. गोड, लाडिक, सासरकडच्या पाहुण्यांशी बोलताना काढतात तसा. 'ही संकल्पना ज्यांच्या मनात रुजली... आमचे माननीय साहेब...'

सगळं वाक्य ऐकलं मी. एक शब्द चुकला नव्हता. शेवटी बारीकसं हसणंसुद्धा होतं.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. किळस आली, आणि तिच्यामागून असा संताप उठला की कानशिलं तापली. ही मी? अशी बोलणार मी? आपांच्या समोर?

"घावला बघ रिमोट," शेवंताबाई म्हणाल्या आणि मागचा आवाज बंद झाला.

मग आमचं खरं संगीत वाजलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा माझ्यावर होता, कागद हातात होता. मी तो खाली ठेवला आणि म्हणाले, "'आपली दावण'ला दिल्लीचं बक्षीस मिळालंय. हा कार्यक्रम नांदेडच्या रझिया आपांनी उभा केला. त्या आज इथं नाहीत, कारण त्यांना येऊ दिलं नाही. बक्षीस त्यांचंय. आपा, ऐकताय ना?"

कानात साहेब ओरडत होते. "कट करा! कट करा म्हणतो ना!" पण लाइव्ह ते लाइव्ह, बोललेलं गेलं होतं.

बाहेर आले तर साहेब दारातच. "मॅडम, कळतं का तुम्ही काय केलंत? उद्यापासून येऊ नका."

"येत नाही," मी म्हणाले. "पण एक सांगते साहेब. बक्षीस घेताना कुणी विचारलं ना, की म्हैस पान्हा का सोडत नाही, तर काय उत्तर द्याल तेवढं पाठ करून जा."

समोरच्या टपरीवरचा चहावाला म्हणाला, "ताई, लई भारी बोललाव आज. त्या आपांचं नाव घेतलं, बरं केलं." म्हणजे बोलले होते मी. त्यानं स्वतः टपरीतल्या टीव्हीवर ऐकलं होतं.

फोनमधल्या त्या आवाजाचं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मला नुसतं घुमल्यासारखं आलं. आमच्या साउंडवाल्यानं साहेबांची नजर चुकवून कॉलचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. त्यात शेवंताबाईंचा टीव्ही नेहमीसारखा मागंच होता. आधी स्टुडिओत ग्लास पडतो, मग त्यांच्या घरात वाजतो. माझ्या गोड आवाजाचा पत्ता नाही. मला वाटलं, ताणामुळं भास झाला असेल. तेवढ्यावर हे संपलं असतं तर मी इथं लिहायला आलेच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीची चौकशी म्हणून शेवंताबाईंना फोन केला. म्हैस जरा जरा पान्हावत होती. बोलता बोलता मी विचारलं, "मावशी, काल कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला का?"

"हाव की. तवा नुस्ता आवाज बंद केला व्हता, मग सूनबाईनं पुना वाढवला. तुमी त्या साहेबाचं नाव घेतलं की. कागद बघून वाचलं. लई गोड बोलता बघा तुमी."

मी पुन्हा पुन्हा विचारलं. सुनेलाही फोनवर घेतलं. तिनंही तेच सांगितलं... साहेबांचंच नाव, आपा-बिपा कुणी नव्हतंच.

मी तशीच उठले आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, माझ्या डोक्यात एकच. शिरूर अनंतपाळात तसं ऐकू आलं असेल तर इतवाऱ्यात काय ऐकू आलं? आपांचा फोन आदल्या दिवसापासून लागत नव्हता.

आपांनी दार उघडलं. नेहमीसारखं जवळ घेतलं नाही. "बस," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर पलंगपोस टाकून ठेवला होता.

"आपा, काल पाहिलंत?"

"पाहिलं ना." त्यांनी कप समोर ठेवला. "वाचलंस, बरं केलंस. मीच बोलले होते वाच म्हणून."

"मी वाचलं नाही आपा! मी तुमचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर घेतलं. त्यापायी साहेबांनी मला काढून टाकलं!"

आपांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "वाचूनसुद्धा काढलं?" त्या म्हणाल्या. "अशीच असतात बेटा ही माणसं. काम झालं की ओळख न्हाई."

मी शपथा घेतल्या. बिराजदार डॉक्टरांना फोन लावून दिला. ते बिचारे जीव तोडून सांगत होते. आपांनी सगळं ऐकून घेतलं, शुक्रिया म्हणाल्या आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "भला माणूस आहे. तुझ्यासाठी खोटं बोलून राहिला." टपरीवाल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय गं. इतकी वर्षं टीव्हीचंच काम केलं मी. मला काय दिसत न्हाई?" वाहिनीच्या साइटवर कार्यक्रम लावून दाखवू म्हटलं, तर साहेबांनी शेवटच कापून टाकलाय. शेवंताबाईंपाशी संपतो तो.

निघताना आपांनी डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा भरून दिला, डोक्यावर हात ठेवला. "शरम वाटून घेऊ नकोस," म्हणाल्या. "मी माफ केलं केव्हाच."

माफ! जे मी केलंच नाही त्याची माफी! बसमध्ये मी रडले नाही. साहेबांवर राग, त्या टीव्हीवर राग, आणि खरं सांगायचं तर आपांवरही. एवढं घडवलंत मला, आणि एवढाही भरवसा नाही?

याचं स्पष्टीकरण मला आजवर मिळालेलं नाही. ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं, तो हसला. एका मौलवींना आणि आमच्या गावच्या गुरवालाही विचारलं, त्यांनी आपापलं सांगितलं, मला एकही पटलं नाही. दोनच घरांत दुसरं का दिसलं, आणि त्यांतलं एक आपांचंच का, मला माहीत नाही. साहेब बक्षीस घेऊन आले, हार घालून घेतलेला फोटो पेपरात आला. मी आता लग्नाच्या व्हिडिओंना आवाज देते. आपा फोनवर गोड बोलतात, मुलाबाळांचं विचारतात, त्या दिवसाचा विषय काढू देत नाहीत.

इथं लातूर-नांदेडकडचे पुष्कळ जण आहेत. त्या गुरुवारी दुपारी तुमच्या घरी 'आपली दावण' लागला असेल आणि तुम्ही माझ्या तोंडून आपांचं नाव ऐकलं असेल, तर मला कळवा. मी तुम्हाला आपांच्या घरी घेऊन जाईन. माझ्या ओळखीचा नसलेला एक तरी माणूस त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला पाहिजे — हाव, ती बोलली.