साखळीमामांची ना-हरकत

साखळीमामांना चालताना हाक मारलेली अजिबात खपत नसे. हाक ऐकली की ते एक बोट वर करत, तसेच पाच-सहा पावलं पुढे जात, थांबत, आकडा पुटपुटत आणि मगच वळून म्हणत, "हां, आता बोला." निजामाच्या अमदानीत त्यांनी मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी ओढली होती. नोकरी सुटली तरी मोजणं सुटलं नाही. वस्तीपासून शाळा किती, मारुतीचा पार किती, सगळं पावलांत पाठ. मामींशी भांडण झाल्यावर रागाने किती पावलं लांब जाऊन बसलो, तेही ते नंतर हिशोबाने सांगत.

मामा शिकले उर्दूत. त्या काळी आमच्याकडे शाळाही उर्दू आणि कचेरीही उर्दू. कुणाच्या पेटीतून जुना दस्त निघाला की लोक पार रेणापूरहून मामांकडे येत, आणि मामा तो घडाघडा वाचून दाखवत. पुढे कचेऱ्या मराठीत आल्या आणि वस्तीतला सगळ्यांत शहाणा माणूस मराठी अक्षरांपुढे अडाणी ठरला. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. "मामा, पहिलीत बसवू का?" असं चिडवलं की म्हणत, "बसव की. पन मागच्या रांगंत बसव, न्हाईतर लेकरांला फळा दिसायचा न्हाई." मामा चांगले सहा फूट उंच होते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नेमका पावसाने दगा दिला होता. नव्या जिल्ह्याला नवे साहेब आले आणि साहेबांना बंगले हवे होते. त्यांच्या सोसायटीने जागा हेरली ती आमच्या वस्तीला लागून असलेलं गायरान. त्या उन्हाळ्यात वस्तीतल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला होता, फक्त गायरानातल्या विहिरीला पाणी होतं. गायरान गेलं की विहीर गेली, विहीर गेली की जनावरं बाजारात, आणि जनावरांमागून माणसं ऊसतोडीला.

मामांचा घरं बांधायला विरोध नव्हता. त्यांना राग होता तो शहराने असं ऐसपैस पसरण्याचा. काठीने धुळीत रेघा ओढून ते त्यांचं स्वतःचं लातूर काढून दाखवत. "गोलाईच्या बाजाराभवती घरावर घर चढवा. साहेब वर, शिपाई खाली, भिंतीला भिंत. गायरान गाईला ठिवा." बंगल्याचा नकाशा पाहून तर ते हसतच सुटले होते. "चारी अंगाला मोकळी जागा सोडून मधी माणूस ठिवायचा? आत मेला तर शेजाऱ्याला कळायचं कसं?"

ते लातूर मी आजही मनात बांधत असते. त्यात साहेबांची मुलं आमच्या शाळेत येतात, संध्याकाळी गायरानात जनावरं असतात, आणि टँकरपुढे हंड्यांची रांग लावायची वेळ कुणावर येत नाही. मामांच्या रेघा कुणी मनावर घेतल्या असत्या तर हे सगळं होऊ शकलं असतं, यावर माझा अजून विश्वास आहे.

गायरान वाचवायला समिती झाली आणि माझा भाऊ संपत तिचा चिटणीस झाला. आमचे वडील गेल्यावर मामांनीच त्याला हाताला धरून शाळेत घातलं होतं. त्याने मोर्चात घोषणा दिली की मामांची छाती फुगे. "आपला वकील हाय त्यो," असं ते दिसेल त्याला सांगत. सगळ्यांच्या हरकती मी हाताने लिहून काढल्या आणि आठवडाभराच्या प्रशिक्षणाला नांदेडला गेले.

तेवढ्यात संपतने छापील कागद आणले. हाताने लिहिलेलं चालत नाही, सरकारी फॉर्मच पाहिजे, असं त्याने मामांना सांगितलं.

"वर काय लिवलंय?" मामांनी विचारलं.

"ना-हरकत. 'ना' म्हंजे न्हाई, आन् हरकत म्हंजे हरकत. दुहेरी गाठ हाय, मामा."

मामांना ती दुहेरी गाठ फार आवडली. शाईचा डबा घेऊन ते स्वतः घरोघर फिरले. म्हातारी चंद्रभागाबाई जन्मात कुणाच्या कागदावर अंगठा देत नसे. तिला मामा म्हणाले, "मी हाय न्हवं?" तिने दिला.

सुनावणीच्या दिवशी मी एसटीतून उतरले ती थेट कचेरीत. साहेब कागद चाळत म्हणाले, "तुमच्या तर सगळ्यांच्या ना-हरकती आल्यात."

मामा ताठ उभे राहिले. "हाव साहेब. समद्यांच्या. एक बी घर सुटलं न्हाई!"

"मग विरोध कुणाचा आहे?"

"समद्यांचाच की, साहेब."

कारकून हसायला लागले. मी पुढे होऊन कागद घेतला. वस्तीची काहीही हरकत नाही, गायरान खुशाल द्यावं, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. "पोरी, काय लिवलंय?" मामांनी विचारलं आणि मला ते त्यांना सांगावं लागलं. त्यांनी संपतकडे पाहिलं. संपत भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

मामांनी वस्ती विकली, असं पहिल्यांदा बोलला तो संपतच. मी घरी येऊन त्याच्यावर ओरडले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुला या घरात ऱ्हायचंय का न्हाई?" नवऱ्याचं घर सोडून मी लेकीला घेऊन त्याच्याकडे राहत होते. मी मामांकडे रडत गेले. ते म्हणाले, "तू गप ऱ्हा, पोरी. अंगठे म्याच घेतलेत." त्यांनी सांगितलं म्हणून मी गप्प राहिले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. खरं तर मला तेच ऐकायचं होतं.

चंद्रभागाबाईने मामांच्या हातचं पाणी घेणं सोडलं. गायरानात मोजणीची जरीप पडली, विहिरीला कुंपण लागलं आणि मामा लोह्याला लेकीकडे निघून गेले. तिथेच ते वारले.

मी दुखवट्याला गेले तेव्हा त्यांच्या लेकीने मला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. "बाई, खरं सांगा. माझ्या बापानं वस्ती विकली व्हती का?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग कुणी?"

संपत माझ्याबरोबरच आला होता. बाहेर अंगणात बसून तो लोकांना मामांच्या आठवणी सांगत होता, मधून मधून डोळे पुसत होता. मी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं.

तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. तो कागद संपतने आणला होता, माझ्या सख्ख्या भावाने. आणि मला ते सुनावणीच्या दिवशीच ठाऊक होतं.