शनिवारची सही

आमच्या इस्पितळाच्या नेटवर्क खोलीत काका एकोणतीस वर्षं होते. नात्याने कुणाचेच काका नव्हते, पण डॉक्टरांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे काकाच म्हणायचे. मी कामाला लागले तेव्हा केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायला त्यांनीच शिकवलं. अक्षर टपोरं, मोत्यासारखं. आणि तोंडात कायम एकच वाक्य, "मी आहे ना."

खोलीत फायरवॉलच्या दोन पेट्या होत्या. बाहेरच्या माहितीचं येणं-जाणं सगळं पहिलीतून गाळून जायचं. ती बंद पडली तर दुसरी. पण ही बदली हातानेच करावी लागायची आणि तोवर सगळं इस्पितळ खोळंबायचं. आमच्या प्रशासक मॅडम मला म्हणाल्या, "हे आपोआप होईल अशी स्क्रिप्ट, छोटासा प्रोग्रॅम, लिही. चालली की तुला कायम करते." तीन वर्षं मी कंत्राटावर होते. घरी आईला सांगितलं, तर तिने लगेच शेजारणीला सांगितलं.

पहिल्या पेटीने तीनदा उत्तर दिलं नाही की कारभार दुसरीकडे, एवढंच. पण ते 'एवढंच' जमवताना घाम निघाला. शिवाय कुठली माहिती कुठून कुठे जाऊ द्यायची याचे पहिलीतले नियम बदलले की शनिवारी ते दुसरीत उतरवून वहीत सही करायची असे. ते काम माझं. काका म्हणाले, "तू स्क्रिप्टचं बघ. शनिवारचं मी करतो. मी आहे ना."

स्क्रिप्ट सुरू केली त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेदहाला, पहिली पेटी बंद पडली. नवव्या सेकंदाला कारभार दुसरीकडे गेला. मी चक्क टाळी वाजवली. पाच मिनिटांत ऑपरेशन थिएटरचा फोन: पेशंट टेबलावर आहे, रक्ताचे रिपोर्ट येत नाहीत. लॅब दोन महिन्यांपूर्वी रस्त्यापलीकडच्या इमारतीत गेली होती आणि नवे नियम न उतरवलेल्या दुसऱ्या पेटीला त्याचा पत्ताच नव्हता. तासभर वॉर्डबॉय कागद घेऊन जिने चढत होते. पेशंट वाचला, नशीब त्याचं.

दुपारी मॅडमनी वही उघडली. त्या दोन महिन्यांतल्या आठही शनिवारी सही होती. माझ्या नावाची, त्या टपोऱ्या अक्षरात.

मी काकांकडे पाहिलं. आता बोलतील, मग बोलतील. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोर नवी आहे, चुकली. माझ्याकडे बघून एकदा माफ करा." तीन वर्षं झाली, म्हणे नवी. वर माझ्यासाठी रदबदली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि मी मूग गिळून बसले. निवृत्तीला त्यांचे चार महिने उरलेत, यांनीच आपल्याला हाताला धरून शिकवलं, हे सगळं मला नेमकं तेव्हाच आठवायचं होतं. मॅडमनी माफ केलं आणि कायम करणं वर्षभर पुढे ढकललं. आईने शेजारणीला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट पुन्हा उघडली. आता ती रोज सकाळी दोन्ही पेट्यांचे नियम स्वतःच ताडून बघते. कुणाची सही तिला लागत नाही. काका चहाचे दोन कप घेऊन आले. एक माझ्यापुढे ठेवला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "एवढं कशाला तपासत बसतेस? मी आहे ना."

तो चहा मी प्यायले. वर थँक्यूसुद्धा म्हणाले. माझा मलाच अजून राग येतो.