घोट गिळणारी आत्या

चहाच्या कंपनीत चव घेणाऱ्यांचा एक नियम असतो. घोट जिभेवर घोळवायचा, चव ओळखायची आणि पिकदाणीत थुंकायचा. माझ्या आत्याने हा नियम आयुष्यभर धाब्यावर बसवला. चांगल्या चहावर थुंकणं तिला जमतच नसे. प्रत्येक घोट ती गिळायची. घरी आल्यावर वर कडक चहा व्हायचा तो वेगळाच. आम्ही भाचरं तिला तल्लफआत्या म्हणायचो आणि तिला ते आवडायचं.

साठीच्या जवळ आल्यावर तिच्या छातीत धडधड सुरू झाली. हात थरथरायला लागले, झोप पार उडाली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत होतं, त्रास कॅफीनचा होता.

"चहा बंद," त्या म्हणाल्या. "अगदीच राहवत नसेल तर कॅफीन काढलेला ग्रीन टी घ्या. त्यात कॅफीन नावापुरतं उरतं आणि पानातले चांगले गुण बरेचसे टिकतात."

आत्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

मी त्याच कंपनीच्या कचेरीत होते आणि राहायलाही आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्याकडेच होते, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिने थुंकून पाहिलं, पण तिची पारख घशात होती. थुंकलं की चवच कळेना. मॅनेजरने तिला पॅकिंगमध्ये हलवायचं ठरवलं. आत्या घरी येऊन काकांना म्हणाली, "चव घ्यायची खुर्ची गेली तर मी कोण राहिले?" तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं आणि मला मॅनेजरचा भयंकर राग आला.

नेमका त्याच सुमारास कंपनीला कॅफीन काढलेला ग्रीन टी बाजारात आणायचा होता. आलेले नमुने चाखून सगळ्यांनी नाकं मुरडली. ओल्या पुठ्ठ्याची चव, असा एकमुखी निकाल लागला.

"ते डबे मला द्या," आत्या म्हणाली. "हा एकच चहा मला गिळता येतो."

"न्या बाई," मॅनेजर म्हणाला. "मोठे व्यापारी यायच्या आत काही जमलं तर बघा. नाहीतर पॅकिंग आहेच."

मग आमच्या ओट्यावर कपांची रांग लागली. काका रोज विचारायचे, "आज पुठ्ठा की गवत?" आत्या त्यांना भीक घालत नव्हती. तिला घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं. चाखायच्या खोलीत प्रत्येक चहावर उकळतं पाणी ओतून तो बराच वेळ ठेवायची पद्धत होती. त्याने चहातले दोष उघडे पडतात. पण हे नाजूक पान त्यात पोळून निघत होतं. तिने पाणी जरा निवू दिलं, चहा लवकर गाळला आणि सगळ्या नमुन्यांतून अख्ख्या कोवळ्या पानांचा एक निवडला. आता काका तिच्या घोरण्याबद्दल तक्रार करू लागले.

व्यापारी आले त्या दिवशी मॅनेजर तिच्या कानाशी लागला. "बाई, नियमाने उकळतंच पाणी घालायचं."

"गिऱ्हाईक काय नियम पिणार आहे?"

तिने एकच चहा दोन्ही तऱ्हांनी करून समोर ठेवला. व्यापाऱ्यांनी उकळत्या पाण्याचा पहिला कप एका घोटातच बाजूला सारला. दुसरा तळापर्यंत रिकामा केला आणि विचारलं, "आणखी आहे का?" दारात उभ्या असलेल्या मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"पाकिटावर छापा, गाढ झोप लागते, वजन उतरतं," व्यापारी खुशीत म्हणाले.

"वजनबिजन काही उतरत नाही," आत्या म्हणाली. "हा चहा झोप उडवत नाही, छाती धडधडवत नाही. एवढं खरं आहे, तेवढंच छापा. आणि करायचा कसा तेही."

व्यापारी मॅनेजरकडे वळून म्हणाले, "माल घेतो. पण प्रत्येक खेप या बाईंनी चाखून पास केलेली हवी."

मॅनेजरने घसा खाकरला. "बाई, ते पॅकिंगचं..."

"तिथं दुसरं कोणीतरी बघा," म्हणत आत्याने आपली खुर्ची टेबलाशी ओढली. "आणि पुढचे नमुने लावा लवकर. पाणी निवतंय."