फक्कीमामांची रेघ

आमच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर फक्कीच्या रेघेवर पाय द्यायची कुणाची टाप नव्हती. अगदी प्राचार्यांचीसुद्धा! एकदा ते मोबाईलवर बोलत बोलत कबड्डीच्या मैदानात शिरायला निघाले, तर लांबूनच आवाज आला, "सायेब, पाय उचला! आत्ताच मारलीया." आणि साहेबांनी मुकाट्याने पँट वर धरून रेघ ओलांडली. आम्ही कबड्डी संघातल्या पोरी हसून हसून लोळायच्या बाकी होतो.

आवाज फक्कीमामांचा. मामा म्हणजे मैदानाचे शिपाई, राहणार सोनई. भोकं पाडलेल्या डब्यातून चुन्याची फक्की सोडत ते सुतळीच्या कडेने उलटे चालायचे. त्यांचा कायदा एकच: जिने रेघ पुसली, तिने अख्खं मैदान पुन्हा आखायचं. पहिल्या वर्षी ते बहुतेक वेळा मीच आखलं. वर ऐकूनही घ्यायचं, "शेवगावची ना तू? बापाला सरी सरळ पाडता येती, आन् तुला रेघ येईना व्हय?"

खिशात मात्र गूळ-शेंगदाणे कायम. सराव संपला की हरलेल्या बाजूला आधी मिळायचे. जिंकलेल्यांनी तक्रार केली की म्हणायचे, "तुमचं पोट भरलंय की!"

मामांची एकच इच्छा होती. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा करंडक आमच्याकडे कधीच आला नव्हता. "रिटायर व्हायच्या आधी एकदा त्याला हात लावायचाय," असं ते दर वर्षी म्हणत. त्यांच्या शेवटच्या वर्षी आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो, तीही आमच्याच मैदानावर. आता बोला!

एक रेषापंच आलाच नाही, म्हणून त्याच्या खुर्चीवर मामांना बसवलं. आपलाच माणूस म्हणून आम्ही मनातल्या मनात खूश. गुण बरोबरीत, शेवटची चढाई माझी. मी एकीला शिवले आणि परत पळताना डाव्या पायाचा अंगठा कडेच्या रेघेबाहेर टेकला. मला कळलं. पंचांना दिसलं नव्हतं. मैत्रिणी मला उचलायला धावल्या, मीही गप्प राहिले, आणि मामांनी हात वर केला.

"पाय रेघंच्या भाईर टेकला."

आम्ही एका गुणाने हरलो.

इतका राग आला म्हणून सांगू! मामांनी गूळ-शेंगदाणे पुढे केले, मी तोंड फिरवलं. ते हळूच म्हणाले, "पोरी, रेघ म्याच मारली. म्याच न्हाई मानली, तर दुसरं कोन मानंल?" त्याच महिन्यात ते रिटायर झाले. निरोप समारंभात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याची आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी मैदान मी आखायला लागले. आणि त्या वर्षी आम्ही जिंकलो! बक्षीस समारंभ उरकताच टेम्पोत बसून आम्ही सगळ्या थेट सोनईला. मामा गोठ्यात होते. त्यांनी हात पुसले, करंडक उराशी धरला आणि दारोदार दाखवत सुटले, "माह्या पोरींनी आनला, माह्या!" शेजारच्या आजींनी विचारलं, "तुमी काय शिकीवलं वो यांन्ला?" मामा चक्क लाजले. "म्या काय शिकीवतोय? म्या नुसत्या रेघा मारायचो."

मला राहवेना. भर गल्लीत रडतच म्हणाले, "मामा, त्या दिवशी माझा अंगठा खरंच बाहेर टेकला होता."

"ठावं हाय की," मामा हसत म्हणाले. "म्या तिथंच बसलो हुतो ना! बरं, आता ह्यो एका बाजूनं धर. लई जड हाय."